इंटरनॅशनल शाळा आणि आपली मुलं : बेळगाव परिसरातल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस जवळ आले की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले मराठी पालक तेच तेच प्रश्न घेऊन येतात. शाळांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत त्यांची उत्तरं सहसा नसतात, म्हणून ती इथे एका जागी लिहिली आहेत. कुठल्याही एका शाळेची शिफारस यात नाही. एका बाबतीत मात्र आमचं मत ठाम आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेच्या दाराशी मराठी सोडून आत जावं लागू नये, मग शाळा कितीही मोठी असो.

नावात ‘इंटरनॅशनल’ असलं की शाळा आंतरराष्ट्रीय झाली का?

नाही. पाटीवरून अभ्यासक्रम कळत नाही. देशभरात या नावाच्या पुष्कळ शाळा सीबीएसईचाच अभ्यासक्रम शिकवतात, काही आयसीएसईचा, तर काही राज्य मंडळाचासुद्धा. त्यात गैर काही नाही, सीबीएसईची चांगली शाळा ही चांगलीच शाळा. पण परदेशी अभ्यासक्रम आहे अशा समजुतीनं पालक वर्षानुवर्षं फी भरतात आणि मूल आठवीत गेल्यावर खरा प्रकार कळतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आंतरराष्ट्रीय म्हणावेत असे आपल्या देशात मुख्यतः दोन अभ्यासक्रम चालतात : इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, आणि केंब्रिज. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर मान्यताप्राप्त शाळांची यादी सर्वांना बघता येते. शोधताना शहराच्या नावाची जुनी आणि नवी दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं टाकून पाहा, कारण १ नोव्हेंबर २०१४ ला नाव अधिकृतपणे बदललं तरी जुन्या नोंदी कुठे कुठे तशाच आहेत. सीबीएसईची संलग्नता त्या मंडळाच्या संकेतस्थळावर दिसते. याशिवाय प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडाइस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक असतो, तोही मागून घ्या.

आणखी एक बारकावा. आयबीची मान्यता मिळण्याआधी शाळा ‘उमेदवार’ अवस्थेत असते. त्या काळात ती मान्यताप्राप्त धरली जात नाही, आणि मान्यता नक्की मिळेलच असंही नसतं. एका कार्यक्रमाची मान्यता असली म्हणजे सगळ्यांची झाली असंही नाही. प्राथमिक गटाची मान्यता असलेली शाळा अकरावी-बारावीचा डिप्लोमा देईलच असं गृहीत धरू नका.

अशा शाळांची सुरुवात कुठून झाली?

१९२४ साली जिनिव्हात. पहिल्या महायुद्धानंतर तिथे राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांची कार्यालयं आली आणि देशोदेशींचे अधिकारी बायकामुलांसह येऊन राहिले. या मुलांना कुठल्या देशाचा इतिहास शिकवायचा आणि कुठल्या भाषेत, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून जिनिव्हाची इंटरनॅशनल स्कूल निघाली. त्याच वर्षी जपानमधल्या योकोहामा इथेही अशी शाळा सुरू झाली. आपल्या गावाला ते वर्ष वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीच्या माळावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन.

पुढे अशा शाळा वाढल्या आणि व्यवहारातली अडचण पुढे आली. मूल एका देशात शिकलं तर दुसऱ्या देशातलं विद्यापीठ त्याला कुठल्या आधारावर घेणार? त्यावर उपाय म्हणून १९६८ मध्ये जिनिव्हात आयबीची स्थापना झाली आणि डिप्लोमा कार्यक्रम आला. माध्यमिक गटाचा कार्यक्रम १९९४ मध्ये, प्राथमिकचा १९९७ मध्ये आणि व्यवसायाभिमुख कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला.

भारतात ही वाट मिशनऱ्यांच्या डोंगरातल्या शाळांतून आली. मसुरीची वुडस्टॉक १८५४ ची. कोडाईकनालची शाळा १९०१ मध्ये मिशनरी कुटुंबांच्या मुलांसाठी निघाली, आणि १९७६ मध्ये भारतात आयबी डिप्लोमा सर्वांत आधी तिनंच सुरू केला. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे पुण्याजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज, १९९७ चं.

केंब्रिजची गोष्ट याहून जुनी आहे. त्या विद्यापीठाचं परीक्षा मंडळ १८५८ चं, आणि साम्राज्याबरोबर त्याच्या परीक्षा जगभर पोचल्या. आपल्याकडची आयसीएसई घेणारी परिषद १९५८ मध्ये स्थापन झाली ती केंब्रिजच्या परीक्षांची जागा घ्यायलाच. आज जी आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिजची दहावीच्या वयाची परीक्षा दिसते, ती १९८८ पासूनची.

बेळगावात इंग्रजी शिक्षण किती जुनं आहे?

बरंच जुनं. लंडन मिशनची इंग्रजी शाळा १८३२ ची, तिलाच आज आपण बेननस्मिथ हायस्कूल म्हणतो. कॅम्पातली सेंट पॉल्स १८५६ ची. १९१६ मध्ये केएलई शिक्षण संस्था उभी राहिली, १९४५ मध्ये मिलिटरी स्कूल आली आणि १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्र विद्यापीठाचं मुख्यालय इथे आलं. छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे बदलीवर येणाऱ्या कुटुंबांची मुलं इथल्या वर्गांत कायमच होती.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई प्रांतात आणि नंतरच्या मुंबई राज्यात होतं, राज्य पुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्यात आलं. पण गल्लीतली भाषा काही कायद्याच्या तारखेनं बदलत नाही. गणपत गल्लीतून खडेबाजारापर्यंत चालत गेलं तर मराठी, कन्नड, उर्दू, हिंदी, कोकणी या सगळ्या कानावर पडतात. शहापूरचं पोर दुकानदाराशी कन्नडमध्ये भाव करतं, आईशी मराठीत भांडतं आणि मित्राला हिंदीत हाक मारतं. जिनिव्हातल्या संस्थापकांना जे बहुभाषिक मूल घडवायचं होतं, ते आपल्याकडे घरबसल्या घडतंय. म्हणून शाळा निवडताना पहिला प्रश्न हाच ठेवा, की मुलाच्या या भाषा ही शाळा जमेला धरणार की फक्त इंग्रजी मोजणार?

आयबीत नेमकं काय शिकवतात?

प्राथमिक कार्यक्रम ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी असतो. त्यात विषय असतातच, पण वर्षाची मांडणी सहा मोठ्या सूत्रांभोवती होते : आपण कोण आहोत, आपण कुठल्या काळात आणि जागेत आहोत, आपण स्वतःला कसं व्यक्त करतो, जग कसं चालतं, आपण आपली व्यवस्था कशी लावतो, आणि पृथ्वी आपण कशी वाटून घेतो.

कागदावर हे हवेतलं वाटतं, म्हणून बेळगावचंच उदाहरण घेऊ. ‘पृथ्वी वाटून घेणं’ या सूत्राखाली पाचवीच्या वर्गाला पाण्याचा अभ्यास करायचा आहे. मुलं राकसकोप जलाशय बघून येतात आणि शहराला हिडकलचंही पाणी का लागतं ते शोधतात. घरी नळ किती दिवसांनी येतो याची नोंद ठेवतात, त्याचा आलेख काढताना गणित येतं. मार्कंडेय नदीचा नकाशा काढताना भूगोल येतो, आणि आजीला जुन्या विहिरींबद्दल विचारून लिहिताना भाषा येते. शिक्षक तयारीचे असतील तर हे फार सुंदर होतं. नसतील तर कात्री-गोंदाचा प्रकल्प होतो आणि तो रात्री अकरा वाजता आई पूर्ण करते. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवर लावलेलं मुलांचं काम नीट बघा. सगळ्या तक्त्यांवर एकसारखं मोठ्या माणसाचं अक्षर असेल तर काय ते समजून घ्या.

माध्यमिक कार्यक्रम ११ ते १६ वयाचा, आठ विषयगटांचा. शेवटच्या वर्षी प्रत्येक मूल स्वतः निवडलेला एक वैयक्तिक प्रकल्प पूर्ण करतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत साचा कसा तयार होतो, खानापूरच्या मातीची भांडी कशी भाजतात, असे विषय घरापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मुलांना इंटरनेटवरचे विषय देण्याआधी हे सुचवा.

डिप्लोमा दोन वर्षांचा, अकरावी-बारावीचा. सहा विषय असतात, त्यांतले सहसा तीन वरच्या स्तरावर आणि तीन साध्या स्तरावर. प्रत्येक विषयाला ७ पर्यंत गुण, म्हणजे ४२. त्याला जोडून ज्ञानमीमांसेचा (आपल्याला एखादी गोष्ट कळते ती कशी, याचा) अभ्यास आणि ४००० शब्दांपर्यंतचा प्रबंध यांचे मिळून ३, अशी एकूण बेरीज ४५. उत्तीर्ण व्हायला किमान २४ लागतात आणि इतरही अटी असतात. कला, व्यायाम आणि समाजसेवा यांचा भाग गुणांशिवाय, पण सक्तीचा. प्रबंधाचं काम मुलांना सगळ्यांत जड जातं आणि सगळ्यांत उपयोगीही तेच पडतं. १९२४ च्या अधिवेशनाबद्दल मराठी आणि कन्नड वर्तमानपत्रांनी काय लिहिलं, हा विषय बेळगावच्या मुलानं घेतला तर त्याच्याजवळ अशी साधनं असतील जी इंग्रजीपुरतं वाचणाऱ्या मुलाला उघडताच येणार नाहीत.

केंब्रिज त्याहून वेगळं कसं?

केंब्रिजमध्ये विषय वेगवेगळे राहतात आणि परीक्षेला वजन जास्त. प्राथमिक, निम्न माध्यमिक, मग साधारण १४ ते १६ वयात आयजीसीएसई आणि त्यानंतर एएस व ए लेव्हल, अशी चढण आहे. ए लेव्हलला मूल तीन-चारच विषय घेतं, पण खोलवर शिकतं. ज्याला भौतिकशास्त्र मनापासून आवडतं आणि बाकीचं नकोसं होतं, त्याला हे मानवतं. ज्याला सगळ्यात थोडं थोडं रमायचं आहे, त्याला आयबी बरं. भारतातल्या शाळांसाठी केंब्रिजचं मार्च परीक्षासत्रही असतं, त्याचा निकाल मे महिन्यात लागतो. इथल्या प्रवेशांच्या वेळापत्रकाला ते सोयीचं पडतं.

शाळेत मराठीला जागा असते का?

मागितली तर मिळू शकते, न मागता मिळत नाही.

आयबीचा नियम असा, की प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेचं लेखी भाषा धोरण असलं पाहिजे आणि त्यात मुलांच्या मातृभाषांना आधार कसा देणार तेही आलं पाहिजे. हे धोरण मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ते वाचा. त्यात मराठीचा उल्लेख आहे का बघा. बेळगावच्या शाळेतल्या धोरणात मराठी नसेल तर ते दुसरीकडून उतरवलेलं आहे असं खुशाल समजा.

डिप्लोमाच्या पहिल्या विषयगटात मूल ज्या भाषेत सर्वांत सहज वाचतं, त्या भाषेतलं साहित्य असतं. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तर शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करून तो विषय साध्या स्तरावर घेण्याची सोय आयबीत आहे. इंग्रजीबरोबर दुसरी भाषाही याच गटातून पूर्ण केली तर द्वैभाषिक डिप्लोमा मिळतो. मराठीसाठी ही वाट धरायची असेल तर दहावीतच डिप्लोमाच्या समन्वयकाशी बोला, कारण ग्रंथांची निवड आणि मार्गदर्शक यांची तजवीज आयत्या वेळी होत नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईत हिंदी दुसरी भाषा म्हणून घेता येते, पण मराठी मुलांना हिंदी दिली की मराठीची सोय झाली, असं शाळेनं सांगितलं तर ते मान्य करू नका.

विषय म्हणून जागा नसली तरी करण्यासारखं बरंच असतं. ग्रंथालयात मराठी पुस्तकांचं एक कपाट, गोष्टीच्या तासाला महिन्यातून एकदा एखादी आजी, संमेलनात एक मराठी नाटुकलं. चार पालक मिळून गेले तर मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत. घरी मात्र वाचन तुम्हालाच सांभाळावं लागेल. बोली आपोआप टिकते, वाचन टिकत नाही. तिसरीत गेलेलं मूल ‘तरुण भारत’मधली ठळक बातमी अडखळत वाचत असेल तर आत्ताच रोज पंधरा मिनिटं काढा, सातवीत ते कठीण जातं. आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे मुलांना न्या. गावच्या मांडवात हजारो माणसं कविता ऐकायला बसतात, हे इंटरनॅशनल शाळेतल्या मुलानं बघायलाच हवं.

कन्नड सक्तीची आहे का?

हो. २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्यानं राज्यातल्या शाळांत पहिली ते दहावी कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणं बंधनकारक झालं. २०१५-१६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं ते लागू झालं. या सक्तीला काही पालकांनी उच्च न्यायालयात आव्हानही दिलं आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. कन्नड शिका, मनापासून शिका. इथेच राहायचं, इथल्या कचेरीत जायचं, इथल्या माणसांशी व्यवहार करायचा, तर ती यायलाच हवी, आणि आपल्या बहुतेक मुलांना ती रस्त्यावर येतेही. ती आली म्हणून मराठी जायचं कारण नाही. वेळापत्रकात इंग्रजी, कन्नड, हिंदी बसतात आणि चौथ्या भाषेला तास उरत नाही, असं शाळा म्हणते. तेव्हा फ्रेंच किंवा जर्मनचे तास कुठून आले, हे नम्रपणे विचारावं.

माध्यम मातृभाषाच असावं अशी सक्ती सरकार करू शकतं का?

प्राथमिक शाळांवर तशी सक्ती करता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल ६ मे २०१४ चा आहे, आणि तो कर्नाटकाच्याच प्रकरणात लागला. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आणि मुलाचा.

मग चंदगड किंवा कोल्हापूरच्या बाजूच्या शाळेत घातलं तर?

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे मराठीचा प्रश्न आपोआप सुटतो. पण एक मोठी अडचण पुढे येते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. कर्नाटकातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी कोट्यातल्या जागांसाठी जो मुख्य नियम आहे, त्यानुसार मुलानं पहिली ते बारावीपैकी किमान ७ शैक्षणिक वर्षं कर्नाटकात काढलेली असावी लागतात आणि दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण व्हावं लागतं. इतर काही कलमांखालीही पात्रता मिळते, पण त्यांच्या अटी वेगळ्या. पाचवीला वसतिगृहात पाठवलेलं मूल बारावी करून परत आलं तर बेळगावच्या घरात राहूनही इथल्या कोट्याला मुकू शकतं. महाराष्ट्रातल्या कोट्याला अधिवासाच्या अटी आहेतच. दोन्हीकडून हात रिकामे राहायची पाळी सीमाभागातल्या मुलांवर येते. म्हणून हद्द ओलांडण्याआधी वर्षांचा हिशेब कागदावर मांडा.

आयबी किंवा केंब्रिज करून ‘नीट’, सीईटी अशी प्रवेश परीक्षा देता येते का?

देता येते. भारतीय विद्यापीठ संघ ठरावीक अटींवर या परीक्षांना बारावीशी समकक्षता देतो. पण वाट सरळ नाही, आणि इथेच पालकांची सगळ्यात मोठी फसगत होते.

वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चारही लागतात. आयबी डिप्लोमाच्या नेहमीच्या मांडणीत विज्ञानगटातून एक आणि कलेच्या जागी आणखी एक, असे दोन विज्ञान विषय बसतात. तिसरा घ्यायचा तर दुसरा कुठला तरी गट सोडावा लागतो, आणि त्यासाठी विद्यापीठ प्रवेशाचं कारण दाखवून आयबीची खास परवानगी आधी मिळवावी लागते. अभियांत्रिकीला ही अडचण नाही, कारण भौतिक, रसायन, गणित सहज बसतं.

वेळेचाही प्रश्न आहे. आयबीची परीक्षा मे महिन्यात होते आणि निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या गुणवत्तेत सीईटीचे आणि बारावीच्या तीन विषयांचे गुण निम्मे-निम्मे धरतात, म्हणून समकक्षता आणि गुणांचं रूपांतर यांची कागदपत्रं वेळेत हातात असणं महत्त्वाचं. शिवाय नीट आणि सीईटीचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या वळणाचा, डिप्लोमाचा त्याहून वेगळा. दोन्ही एकदम करणारी मुलं असतात, पण त्यांची दमछाक होते.

मुलीला इथल्या जेएनएमसी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर व्हायचंय हे आठवीतच पक्कं असेल, तर पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) किंवा सीबीएसईची वाट धरा. परदेशी शिकायला जायचं असेल, किंवा डिझाइन, कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा दिशेनं ओढा असेल, तर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा खरा फायदा होतो. आयजीसीएसई करून अकरावीला पीयूसीकडे वळणारीही मुलं असतात. त्यांनी पदवीपूर्व शिक्षण खात्याकडून पात्रतेचं काम आधी उरकावं.

फीचं काय?

वार्षिक फी एकटी बघू नका. प्रवेश शुल्क, अनामत, बस, जेवण, गणवेश, सहली, टॅब आणि वरच्या वर्गात परीक्षा शुल्क, असा सगळा हिशेब लेखी मागा. परीक्षेचं शुल्क परदेशातली संस्था ठरवते, त्यामुळे रुपया घसरला की तेही वाढतं. दरवर्षी फी कितीनं वाढते ते जुन्या पालकांना विचारा, कार्यालयाला विचारून कळत नाही. देणगीसाठी आडून अडवलं तर लक्षात असू द्या, कर्नाटकात १९८४ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

शेती गहाण ठेवून, सोनं मोडून पहिलीपासून अशी शाळा करावी, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. बारा वर्षं चालेल एवढाच खर्च अंगावर घ्या. मूल नववीत असताना फी झेपेना म्हणून शाळा बदलावी लागते, तेव्हा त्याच्या मनावर जो परिणाम होतो तो भरून यायला वेळ लागतो.

पालकांची मुलाखत इंग्रजीत घेतात. आम्हाला जमणार नाही. मग?

शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला मनाई आहे. ओळखीसाठी बोलणं वेगळं. तिथे बेलाशक मराठीत बोला. बेळगावातल्या शाळेच्या कार्यालयात मराठी समजणारं कुणी नाही, असं सहसा होत नाही. आपलं इंग्रजी मोडकं म्हणून बाबा गप्प बसतात आणि मूल ते बघतं, आणि मराठीत बोलणं कमीपणाचं आहे असा धडा ते तिथे घेतं. तो धडा नंतर कुठल्याच धोरणानं पुसता येत नाही. पालकसभेत आईनं बाईंना मराठीत स्पष्ट प्रश्न विचारला, की वर्गातल्या चार मराठी मुलांची मान वर होते.

अभ्यासात मदत कशी करणार, ही काळजी खरी आहे. मुलानं दिवसभर काय शिकलं ते त्याला मराठीत सांगायला लावा. मराठीत समजावता आलं तर त्याला ते कळलं आहे. यासाठी तुम्हाला इंग्रजी यायची गरज नाही.

मराठी शाळेतून पाचवीला किंवा आठवीला इकडे आणता येतं का?

पाचवी-सहावी हा चांगला टप्पा आहे. मराठीत वाचन-लेखन पक्कं झालेलं मूल एखाद्या वर्षात इंग्रजीत सावरतं. आठवीत जरा जड जातं आणि नववीनंतर टाळलेलं बरं. पहिलं सहामाही मूल गप्प राहील, गुण खाली येतील. तेव्हा लगेच शिकवणी लावण्यापेक्षा इंग्रजीचा जादा आधार शाळा देते का ते विचारा.

मराठी शाळा ओस पडत असताना आपण मुलांना इकडे घालणं बरोबर आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक पालकाबद्दल आम्हाला आदर वाटतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, तसंच कारवार, हल्याळ, भालकी, औराद या भागांत सरकारी आणि अनुदानित मराठी शाळा आजही चालतात. राज्यघटनेचं ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करायला सांगतं. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीला, मराठी पहिली भाषा म्हणून घेता येते, ६२५ पैकी १२५ गुणांची. गावातली मराठी शाळा चांगली असेल, बाई मन लावून शिकवत असतील, तर मुलाला तिथे ठेवा. ती निवड कमी दर्जाची नाही, आणि लहान वयात मातृभाषेतून शिकणं फायद्याचं असतं हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नमूद आहे.

तरीही कुणाची नोकरी फिरतीची असते, कुणाला जवळ दुसरी शाळा नसते, कुणाच्या मुलाची गरज वेगळी असते. अशा पालकांवर बोट दाखवून मराठीचं काही भलं होत नाही. त्यांनी मुलाची मराठी टिकवावी, आणि आपल्या जुन्या शाळेसाठी पुस्तकं, वर्गखोलीची दुरुस्ती, शनिवारचा एखादा तास, जे जमेल ते करावं. कित्येक माजी विद्यार्थी ते करतही आहेत.

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, मोफत जागा मिळते का?

कर्नाटकात २०१९ पासून, जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेतली २५ टक्के राखीव जागांतली जागा मिळत नाही. शहरात त्यामुळे ही वाट जवळजवळ बंदच आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना २५ टक्क्यांचा हा नियम मुळातच लागू नाही.

पहिलीसाठी वय किती लागतं?

१ जूनला ६ वर्षं पूर्ण. २०२५-२६ साठी यात एकदाच सवलत दिली गेली होती.

वर्षाच्या मध्ये शाळा बदलायची झाली तर कुठले कागद लागतात?

शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, जन्मदाखला, आधार आणि यूडाइसवरची मुलाची नोंद. मूल महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून येत असेल तर दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात, ती तिथून निघण्याआधीच घ्या. दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असेल तर तो वाचून बघा. तिथे चुकून दुसरी भाषा पडलेली असली तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागा, नंतर फार खेटे घालावे लागतात.